कागदावरचा रक्ताचा थेंब आणि हिवतापाची औषधे

पडद्यावर दिसतो आहे तो जाड गाळणकागदाचा तुकडा. तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून त्यावर रक्ताचे थेंब घेतले आहेत. ते पूर्ण वाळले की कागद पाकिटात बंद करतात आणि बर्फाची सोय नसलेल्या गावातूनही तो प्रयोगशाळेपर्यंत सुखरूप पोहोचतो. त्या डागांमध्ये हिवताप घडवणाऱ्या प्लास्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीचा डीएनए टिकून राहतो आणि त्या भागात कोणते औषध निकामी होत चालले आहे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

क्लोरोक्विन या हिवतापावरच्या औषधाचेच पाहा. परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन आपल्या अन्नपोकळीत पचवतो. त्यातून सुटणारे हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, त्याला विषारी असल्यामुळे तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो. क्लोरोक्विन हेच काम बंद पाडते. मात्र सातव्या गुणसूत्रावरील पीएफसीआरटी जनुकात बदल होऊन त्याच्या प्रथिनात ७६व्या जागी लायसिनऐवजी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल आले, की त्याच जनुकातील इतर काही बदलांच्या साथीने ते प्रथिन औषध पोकळीबाहेर काढून टाकू लागते.

आफ्रिकेतील मलावी देशाने १९९३ साली क्लोरोक्विन बंद केले. १९९२ साली तिथल्या सुमारे ८५ टक्के नमुन्यांत ७६व्या जागच्या या बदलाची खूण होती; २००० साली ती १३ टक्क्यांवर आली, कारण औषधाचा मारा थांबताच बदललेले परजीवी मागे पडले आणि मूळ वाणाचे परजीवी पुन्हा फोफावले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिथल्या ९९ टक्के मुलांना क्लोरोक्विनने गुण आला. हिवतापाच्या इतिहासात इतकी दिलासा देणारी घटना विरळाच.

भारताला मात्र हा दाखला जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परजीवीच्या हिवतापासाठी क्लोरोक्विन चालूच राहिले. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात दोन्ही परजीवी एकाच मुलखात नांदतात. त्यामुळे फाल्सिपेरमवरचा या औषधाचा दाब पुरता उठलाच नाही आणि खूणही मलावीसारखी ओसरली नाही.

आज सर्वाधिक लक्ष आहे ते केल्च-१३ या जनुकाकडे. त्यातील काही बदलांमुळे आर्टेमिसिनिन हे हिवतापाचे औषध दिल्यावर परजीवी रक्तातून सावकाश नाहीसे होतात, हे २०१४ साली कंबोडियातील नमुन्यांवरून स्पष्ट झाले. पुढे रवांडातही असे बदल सापडले आणि ते आशियातून गेलेले नसून तिथेच उद्भवले होते, ही बाब अधिक चिंतेची आहे. तरीही केवळ ही खूण दिसली म्हणून उपचार फसतोच असे नाही; आर्टेमिसिनिनसोबत दिले जाणारे जोडीचे औषध शाबूत असेल तर रुग्ण बरा होतो. जोडऔषध ढासळले, तर उपचारच बदलावा लागतो. ईशान्य भारतात सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हे जोडऔषध निष्प्रभ ठरू लागल्याने २०१३ साली तिथे आर्टेमेथर (आर्टेमिसिनिन गटातील औषध) आणि ल्युमेफँट्रिन ही जोडी देण्याचे धोरण आले. म्हणूनच कागदावरच्या त्या एकाच डागात दोन्ही औषधांच्या खुणा तपासाव्या लागतात.