दूध व्हावं, दही नको

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी औद्योगिक पट्टा. रबाळ्यातल्या एका पायलट प्लांटमध्ये, म्हणजे छोट्या चाचणी-कारखान्यात, १० किलोची बॅच लागते आहे. औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून ते मेणासारख्या लिपिडमध्ये विरघळवून त्याचे २०० नॅनोमीटरच्या आतले कण करायचे.

लिपिड म्हणून ग्लिसरिल बिहेनेट, ५०० ग्रॅम. हे ७० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून जॅकेटेड केटल (दुहेरी भिंतीचं तापवायचं भांडं) ८० अंशांवर. त्यात ५० ग्रॅम औषध. काचपट्टीवर एक थेंब घेऊन बघायचं: कण दिसला तर थांबायचं. इथे न विरघळलेलं औषध पुढचं यंत्र विरघळवून देत नाही. दुसऱ्या भांड्यात ९ किलो २५० ग्रॅम शुद्ध पाणी, २०० ग्रॅम पॉलिसॉर्बेट ८०, म्हणजे लिपिडच्या थेंबांवर थर धरून त्यांना वेगळं ठेवणारा साबणासारखा पदार्थ. तेही ८० अंशांवरच; पाणी थंड पडलं की मेणाच्या गाठी.

दोन्ही एकत्र करून हाय शिअर मिक्सरमध्ये, म्हणजे अतिवेगाने घुसळणाऱ्या यंत्रात, दुधासारखं झालं की होमोजनायझर: प्रचंड दाबाने बारीक फटीतून ढकलून थेंब फोडणारं यंत्र. आधी यंत्रातून नुसतं गरम पाणी फिरवायचं, नाहीतर व्हॉल्व्हच्या फटीत लिपिड गोठतं आणि दाबाचा काटा उडतो. ५०० बार, ३ फेऱ्या. दर फेरीला माल साधारण १० अंशांनी तापतो. आणखी फिरवलं म्हणजे आणखी बारीक, हा गैरसमज. तापलेले थेंब एकमेकांवर आदळून जुळतात आणि कण उलट मोठे होतात.

आतापर्यंत आहेत ते थेंब. कण होतात थंड होताना, आणि बॅच बिघडते तीही बहुधा इथेच. गोल थेंब गोठताना चपटा होतो, पृष्ठभाग वाढतो, तेवढं झाकायला पॉलिसॉर्बेट पुरत नाही. उघडे भाग चिकटतात आणि विरजण लागल्यासारखं सगळं घट्ट होतं. जोरात ढवळलं तर लवकरच. म्हणून ढवळणी मंद.

दुसरा बिघाड उशिरा कळतो. ताज्या कणात लिपिडचे रेणू सैल रचलेले असतात, औषधाला जागा असते. काही दिवसांत रचना आवळत जाते आणि औषध बाहेर ढकललं जातं. उपाय सोपा: ५०० पैकी १५० ग्रॅम घन लिपिड काढून तेवढंच मध्यम साखळीचं ट्रायग्लिसराइड तेल घालायचं. तेलामुळे रचना नीट बसत नाही. इथे तेच हवं असतं.

नमुन्याच्या बाटल्या ठेवल्या आहेत. महिन्याने त्या ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली जातील. औषधाच्या सुया दिसल्या, तर तेल वाढवून पुन्हा केटलपासून.