आज कोण आलं नाही?

(नाशिकमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी संध्याकाळी एका चर्चच्या मंडळीतल्या सभासदांपुढे झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

पाळकसाहेब, बंधू-भगिनींनो, सलाम.

मी वक्ता नाही. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये नोकरी केली, आणि त्यातली बरीच वर्षं मोजणीत गेली. ज्यांच्या घरात कुणी प्रेसमध्ये होतं, त्यांना मोजणी काय असते ते सांगायला नको. कागद मोजून आत घ्यायचा, छापला की मोजायचा, कापला की पुन्हा मोजायचा. एक ताव कमी भरला की सगळे जागच्या जागी थांबले. भोंगा झाला तरी कुणी हलायचं नाही. घरी ताट निवत असायचं आणि आम्ही टेबलाखाली वाकून एक कागद शोधत असायचो. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच गठ्ठ्याला चिकटलेला निघायचा.

त्याच काळात मी एका मंडळीचा सेक्रेटरीही होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक मंडळीची कमी आणि माझी जास्त. दर रविवारी उपासना संपली की वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, बसून रजिस्टर भरायचं: तारीख, संदेश कोणी दिला, प्रभुभोजन किती जणांनी घेतलं, अर्पण किती, उपस्थिती किती. एका रविवारी उपस्थिती १४२. पुढच्या रविवारी १४१. प्रेसमध्ये एक ताव कमी पडला तर सगळी पाळी अडकायची. चर्चमध्ये एक माणूस कमी पडला, तर मी १४१ लिहून वही मिटायचो आणि मटण आणायला जायचो.

तो कमी पडलेला माणूस म्हणजे एक विधवा बाई होत्या. तिसरा बाक, खांबाजवळची जागा. मला ते कळलं कधी? सात आठवड्यांनी. आणि कळलं तेही चर्चमध्ये नाही, भाजीबाजारात. त्यांच्या शेजारच्या मावशी भेटल्या, आपल्या समाजातल्या नव्हेत. मेथीची जुडी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तुमच्यातलं कुणी येत नाही का हो त्यांच्याकडं? दूध मीच नेऊन देते रोज."

त्या दिवशी संध्याकाळी गेलो. बाई आजारी नव्हत्या. यजमान गेल्यावर पेन्शन त्यांच्या नावावर व्हायला वेळ लागत होता, त्यामुळे चर्चची वर्गणी थकली होती. थकबाकीची यादी नोटीस बोर्डावर लागली होती. प्रत्येक रविवारी आत जाताना आपलं नाव वाचायचं, म्हणून त्यांनी येणंच सोडलं. मला त्यांनी चहा दिला. बोल लावला नाही. पण ती यादी माझ्या हस्ताक्षरातली होती, आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

पुढच्या कमिटीत मी म्हटलं, यादी बोर्डावर लावणं बंद करू या. खजिनदारांनी विचारलं, मग वर्गणी गोळा कशी व्हायची? प्रश्न रास्त होता. पाळकाचा पगार काही आकाशातून पडत नाही. शेवटी असं ठरलं की यादी करायची, पण फाइलीत ठेवायची. ज्याचं थकलं त्याच्या घरी दोघांनी जायचं आणि वर्गणीचा विषय सगळ्यात शेवटी काढायचा. कित्येक घरांत तो काढावाच लागला नाही. दार उघडल्याबरोबर काय झालंय ते दिसत होतं.

लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला शंभर मेंढरांचा दृष्टांत आपण बालपणापासून ऐकतो. एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव मागं ठेवून ते शोधतो आणि खांद्यावर घेऊन येतो. आपण सगळे त्या हरवलेल्या मेंढरावर बोलतो, मेंढपाळाच्या खांद्यावर बोलतो. माझ्यासारख्या मोजणीवाल्याला पहिला प्रश्न पडतो तो असा की नव्याण्णवच आहेत हे त्याला कळलं कसं? मी एकदा सिन्नरकडे जाताना रस्त्याकडेला वाडा टाकलेल्या एका धनगराला विचारलं, "रोज मोजता का हो?" तो हसला. म्हणाला, "मोजायची काय गरज? वळखतो ना." म्हणजे माझं उदाहरण तिथंच कोसळलं. नोटा मोजाव्या लागतात, कारण त्या एकसारख्या असतात. मेंढरं नसतात. त्यातलं एक लंगडं, एक कान फाटलेलं, एक सारखं मागं राहणारं. त्याला आकडा कमी दिसत नाही, ते लंगडं कुठं दिसत नाही एवढंच कळतं.

फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला हजारोंनी लोक येतात. तिथं कोण आलं नाही हे कळायचं कारण नाही, यात्रेचं ते कामही नाही. मंडळीचं मात्र आहे. आणि आपली मंडळी हळूहळू यात्रेसारखी होत चालली आहे, असं मला वाटतं.

पूर्वी हे आपोआप व्हायचं. एका कंपाउंडात राहायचो. कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाच्या खिडकीत उशिरापर्यंत दिवा आहे, हे न विचारता दिसायचं. त्याचा त्रासही होता. अहो, काय शिजतंय ते पण दिसायचं! आता कुणी पाथर्डी फाट्याला, कुणी गंगापूर रोडला, कुणी सातपूरला. मुलं पुण्याला नाहीतर आखातात. आई-बाप चौथ्या मजल्यावर, आणि खाली वॉचमन वहीत आपलं नाव लिहून घेतो. त्या वॉचमनला आपल्या सभासदाची जितकी खबर असते, तितकी आपल्याला नसते.

हा प्रश्न नवा नाही. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. मंडळी नुकतीच उभी राहिलेली, आत्म्याचं सामर्थ्य ताजं, आणि तरी रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. कुणी मुद्दाम वगळलं, असं लिहिलेलं नाही. भाषा वेगळी, ओळख कमी, म्हणून सुटल्या. कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांच्या बायका सुटत होत्या, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलं. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली कुटुंबं मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद झाला की निघून जातात. आपल्या कमिटीत त्यांच्यातला एक तरी आहे का? विचारतो फक्त.

आता थोडं आपल्या नाशिकच्या शरणपूरबद्दल. नावातच शरण आहे. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ही वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईहून इथं आणली जात. इथं ती अक्षरं शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७२ मध्ये इथली काही मुलं मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला आफ्रिकेत पाठवली, त्यात तो होता. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी वारले. त्यांचं हृदय तिथंच झाडाखाली पुरलं आणि त्या वेळी प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या मुलानं. पेट्यांतल्या सामानाची यादीही त्यानंच केली, कारण त्याला लिहिता येत होतं. मग मिठानं आणि उन्हानं सुकवलेला तो देह झाडाच्या सालीत गुंडाळून ती माणसं समुद्राकडे निघाली. चालतच. किनाऱ्याला पोचायला १८७४ चा फेब्रुवारी उजाडला. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता.

इतिहासात नाव जेकबचं, आणि चुमा नि सुसी या लिव्हिंग्स्टनच्या दोन आफ्रिकन सोबत्यांचं राहिलं. पण दोन-तीन माणसांनी नऊ महिने देह वाहता येत नाही. अंत्ययात्रेत कुणी कुणाला सांगत नाही, पण थोडं अंतर गेलं की मागचा पुढे होतो आणि खांदा बदलतो. तिरडी असो की शवपेटी, आपल्या लोकांना खांदा बदलणं शिकवावं लागत नाही. मेलेल्या माणसासाठी हे आपण इतकं छान करतो. जिवंत माणसासाठी का करत नाही?

एका घरी यजमान पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. सगळी मंडळी त्या बाईंचं कौतुक करायची, "काय सेवा करतात हो!" कौतुक म्हणजे काय, तर ओझं तिच्याच खांद्यावर आहे याची पावती. तिला कौतुक नको होतं. तिला केस धुवायला आणि स्वतःचा डोळ्यांचा नंबर तपासायला दोन तास हवे होते. स्त्री मंडळातल्या दोघींनी ते ओळखलं. दर गुरुवारी दुपारी आळीपाळीनं जाऊन बसायच्या. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आधी म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच वचनांनंतर म्हणतो, प्रत्येकानं आपला भार वाहावा. लोकांना हा विरोध वाटतो. मला वाटत नाही. नवरा तिचाच आहे, तिचा भार तीच वाहणार. गुरुवारचे दोन तास तेवढे आपले.

दवाखान्यात भेटायला जाण्याबद्दल फार बोलत नाही. दहा मिनिटं थांबा, खाटेवर बसू नका, आणि त्याच आजारानं गेलेल्या तुमच्या मेव्हण्याची गोष्ट सांगू नका. प्रार्थना करू का, हे आधी विचारा आणि ती छोटी करा. रोग्याला केळी नेण्यापेक्षा त्याच्याजवळ रात्रभर जागणाऱ्याला पिठलं-भाकरी न्या.

मरणाच्या घरी मात्र आपलं गणित चुकतं. पहिले तीन दिवस डबे इतके येतात की ठेवायला जागा नसते. माझी पत्नी गेली तेव्हा एका दिवशी पाच घरांतून वरण-भात आला. तिसऱ्या आठवड्यात कुणी नव्हतं. आणि खरं काम तिसऱ्या आठवड्यातच असतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, महापालिकेतून दाखले आणायचे, बँकेत वारस, गॅसचं कार्ड, रेशन कार्ड. पस्तीस वर्षं तिच्या हातची भाजी खाल्लेल्या माणसाला मेथी कशी निवडायची ते माहीत नसतं. मंडळीतले एक गृहस्थ, फारसे बोलके नाहीत, दर मंगळवारी सकाळी यायचे. "चला, बाजारात जाऊ." एवढंच. त्यांनी मला एकदाही बायबलचं वचन ऐकवलं नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकट कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

तोंडावरून आठवलं. आपल्यात एक वाक्य आहे, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं." त्यानंतर कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा पितो, सगळं बाहेर पडतं. संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सॲपवर असतं आणि खाली चाळीस जणांचे जोडलेले हात. ज्या घरातली गोष्ट असते, त्या घराचं दार मग कायमचं बंद होतं. विनंती ज्याची त्यानं केली तरच ती जाहीर करावी. हा नियम कडक पाळा, बाकी सगळे सैल सोडले तरी चालतील.

पाळकसाहेब समोर बसलेत म्हणून सांगतो असं नाही. काही वर्षांनी बदली, नवं गाव, मुलांची नवी शाळा. सगळ्यांच्या घरी जाणाऱ्या माणसाच्या घरी कोण जातं? आपल्या मंडळीत घरं किती, आणि पाळक एक. मोशेचा सासरा इथ्रो, त्यानं मोशेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्यानं न्यायनिवाडा करताना पाहिलं आणि सरळ म्हणाला, हे काही ठीक नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. त्यानं दहा-दहा माणसांवर एक नेमायला सांगितला. सासऱ्याचा सल्ला ऐकणारा मोशे हा दुर्मिळ जावई.

म्हणून मी येताना वह्या आणल्यात. शंभर पानी, साध्या. एका वहीत दहा घरं. प्रत्येक पानावर घरातल्यांची नावं, वाढदिवस, कुणाला साखर आहे, कुणाचा मुलगा परगावी, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा. दर सोमवारी वही उघडायची आणि आदल्या दिवशी कोण दिसलं नाही त्याला फोन. "काल का आला नाहीत?" असं विचारायचं नाही, ती शाळेतली हजेरी झाली. "काल तुमची जागा रिकामी होती," एवढंच म्हणा. समोरचा बोलला तर ऐका, नाही बोलला तर ठेवा. वही कुलपात. दोन वर्षांनी वह्या बदलायच्या, नाहीतर खांदा अवघडतो.

वह्या घ्यायला हात वर होतील, मला माहीत आहे. मदत करायला आपल्याला आवडतं. घ्यायला जड जातं. मंगळवारी दारात उभ्या राहिलेल्या त्या गृहस्थांना पहिल्यांदा मी, "माझं मी बघतो," असं म्हणून परत पाठवलं होतं. ते पुढच्या मंगळवारी पुन्हा आले म्हणून निभावलं. तेव्हा एक अट आहे. वही नेताना आपलं नाव कुणाच्या वहीत आहे ते विचारल्याशिवाय कुणी जायचं नाही. कमिटीनंही नाही, पाळकसाहेबांनीही नाही.

जुन्या मंडळीत आम्ही हे सुरू केलं तेव्हा पहिली वही खांबाजवळच्या त्या बाईंनी मागून घेतली होती. मी नंतर इकडे राहायला आलो, मंडळी बदलली, पण त्यांनी माझं नाव खोडलेलं नाही. त्यांचा फोन सोमवारी साडेदहाला येतो. त्या वेळेत कृपा करून मला कुणी फोन करू नका.