एक कंपनी, एक चार्ट आणि चिवड्याचं खातं

(पुण्यात सीए आणि कॉस्ट अकाउंटंट मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘सॅपवाल्या मॅडम’ म्हटलं. सॅप म्हणजे मोठ्या कंपन्या हिशेब ठेवायला वापरतात ते जर्मन सॉफ्टवेअर. चालेल. पण मी मूळची तुमच्यासारखीच, हिरव्या पेनाने व्हाउचरवर टिक मारत वाढलेली. सॉफ्टवेअर नंतर आयटीवाल्यांनी शिकवलं, तेही उपकार केल्यासारखं. आजचा विषय पत्रिकेवर छापलाय: जगभर पसरलेल्या कंपनीत सॅपच्या अपग्रेडच्या निमित्ताने सगळीकडे एकच चार्ट ऑफ अकाउंट्स, म्हणजे खात्यांची क्रमांकवार यादी, कसा आणायचा. खाली आयोजकांनी ‘पाच पायऱ्यांत’ असंही टाकलंय. पायऱ्या मी कधीच म्हटलं नव्हतं, पण येतील. आधी थोडं बोलू द्या.

हे आत्ताच का निघालं? जुन्या सॅपचा, म्हणजे ईसीसीचा, नेहमीचा सपोर्ट २०२७ च्या अखेरीस संपतोय. जादा फी भरली तर २०३० पर्यंत. त्याची नवी पिढी, एस-फोर हाना, आली २०१५ मध्ये. मधली इतकी वर्षं सगळे ‘बघू पुढच्या बजेटमध्ये’ म्हणत बसले आणि आता धावपळ चालू आहे. अकाउंट्सवाल्यांच्या दृष्टीने यात खरा फरक एकच. पूर्वी फायनान्सच्या नोंदी एका टेबलात, कॉस्टिंगच्या दुसऱ्या, आणि महिनाअखेरीला दोन्ही जुळवत बसायचं. एस-फोरमध्ये युनिव्हर्सल जर्नल आलं, दोन्ही नोंदी एकाच टेबलात. टेबलाचं नाव ‘एसीडॉका’, ऐकायला औषधासारखं वाटतं. आता कॉस्ट एलिमेंट, म्हणजे कॉस्टिंगमधलं खर्चाचं शीर्षक, याची वेगळी यादी राहिली नाही, तेही जीएल, म्हणजे मुख्य खातेवहीतलं, खातंच झालं. त्यामुळे खात्यांच्या यादीत जो काही गोंधळ असेल तो आता एकाच ठिकाणी दिसतो, आणि मुख्यालयातल्या साहेबालाही दिसतो.

मग मुख्यालयातून स्लाइड येते: ‘वन कंपनी, वन चार्ट’. खाली जगाचा नकाशा, सगळे देश एकाच निळ्या रंगात. त्या निळ्या रंगाची किंमत काय ते मी तुम्हाला एका खात्यावरून सांगते.

आमचं मुख्यालय जर्मनीत, एक प्लान्ट चाकणला. कॉल चालू होता, स्क्रीनवर मॅपिंगचं एक्सेल. डावीकडे आमचं जुनं खातं, उजवीकडे नवं गटखातं, म्हणजे गटातल्या सगळ्या कंपन्यांचं सामाईक खातं, जिथे जमत नाही तिथे पिवळा रंग. ‘फ्रेट इनवर्ड’, ठीक. ‘फॅक्टरी लायसन्स फी’, ठीक. आणि मग आली पिवळी ओळ: ‘दिवाली एक्स्पेन्सेस’. तिकडच्या फायनान्स प्रमुख बाईंनी विचारलं, हा खर्च नेमका कशाचा? आमच्या प्लान्टचे अकाउंट्स सांभाळणारे काका, ज्यांना सगळे कोड तोंडपाठ, ते म्हणाले, ‘मॅडम, दिवाळी म्हणजे दिवाळी.’ (हशा)

बाई म्हणाल्या, सण हा खर्चाचा प्रकार होऊ शकत नाही. तत्त्व म्हणून एकदम बरोबर. मी म्हटलं, लेजर उघडा, बघू काय निघतं. कामगारांना दिलेले फराळाचे डबे निघाले. चिवडा, लाडू, चकली, सगळ्याचं एकच बिल. ग्राहक कंपन्यांच्या पर्चेस मॅनेजरांना पाठवलेले ड्रायफ्रूटचे बॉक्स निघाले. दसऱ्याला मशीनला घातलेले झेंडूचे हार आणि नारळ, तेही दिवाळीतच. वॉचमनची बक्षिसी, साध्या कॅश व्हाउचरवर. गेटवरच्या माळांचं इलेक्ट्रिशियनचं बिल. आणि एक इन्व्हर्टरची बॅटरी. का? तर दिवाळीत बिघडली म्हणून! (हशा)

हसताय, पण मला सांगा, तुमच्या क्लायंटच्या पुस्तकात असं एक तरी खातं नाही का? मुद्दा हिशेब गचाळ होता असा नाही. प्रत्येक व्हाउचर जागेवर होतं, सही होती, बिल होतं. पण त्या एका खात्यात कर्मचारी कल्याण होतं, विक्रीवृद्धी होती, दुरुस्ती होती आणि बक्षिसीही होती. ड्रायफ्रूटच्या भेटींवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, कलम १७(५) मधला ‘गिफ्ट’ तुम्हाला पाठ आहे. इलेक्ट्रिशियनच्या बिलावर मिळतं. खातं एकच असल्यावर महिनाअखेरीला कोण वेगळं काढणार? काकाच काढायचे. डोक्यातून. काका रजेवर गेले की निघायचं नाही.

तर बाई जिंकल्या, असं वाटलं. पण काका जुने. त्यांनी जर्मनीतल्या एका छोट्या उपकंपनीचा ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, मागवून घेतला होता. ती कंपनी डाटेव या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीचा एसकेआर ०३ वापरायची. हा तिकडे छोट्या-मध्यम धंद्यांत चालणारा तयार चार्ट आहे, आपल्याकडे हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर जितकं घराघरांत तितका. त्यात ४६३० म्हणजे आयकरात वजावट मिळणाऱ्या भेटवस्तू आणि ४६३५ म्हणजे वजावट न मिळणाऱ्या. व्यवहारातल्या माणसाला वर्षाला ३५ युरोपर्यंतची भेट दिली तर खर्च मान्य, त्यावर गेली तर अमान्य. २०२४ पासून ती मर्यादा ५० झाली. काकांनी मला मराठीत विचारलं आणि मी भाषांतर करून पुढे टाकलं: ‘तुमच्या नाताळच्या वाइनला दोन खाती, आणि आमच्या चिवड्याला एकही नाही?’

बाई मनापासून हसल्या, पण हटल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्या आयकर कायद्यात लिहिलंय की हे खर्च बाकीच्या खर्चांपासून वेगळे नोंदवायचे, म्हणून ती खाती आहेत. हेही खरं, तसं कलम आहे. काका म्हणाले, ‘म्हणजे कायदा असेल तर दोन खाती, आणि रिवाज असेल तर शून्य, होय?’

काकांच्या या प्रश्नासाठीच मी आज आलेय. खातं मिळण्याचा हक्क कुणाला? कायद्याला, मॅनेजरच्या रिपोर्टला, का ज्याने आधी उघडलं त्याला? हे ठरवल्याशिवाय कुठलंही अपग्रेड करा, माळ्यावरचं सामान जसंच्या तसं नव्या फ्लॅटच्या माळ्यावर चढवल्यासारखं होतं.

आता एक फाटा फोडते, कारण इथे गंमत आहे. आपल्याकडे खात्यांचे नंबर कायद्याने ठरवलेले नाहीत. कंपनी कायद्याचं परिशिष्ट ३ ताळेबंदाचा आणि नफा-तोट्याचा नमुना देतं, खात्याचा कोड देत नाही. टॅलीने २८ ग्रुप दिले आणि खालचं लेजर कुठल्याही नावाने उघडायची मुभा दिली. परिणाम: एकाच पुस्तकात ‘टी अँड कॉफी’, ‘टी एक्स्पेन्स’ आणि ‘चहा’ अशी तीन लेजर. युरोपात बऱ्याच ठिकाणी तसं नाही. जर्मनीत श्मालेनबाख नावाच्या प्राध्यापकाने १९२७ मध्ये खात्यांच्या चौकटीवर पुस्तक लिहिलं. दहा वर्षांनी नाझी सरकारने तशी चौकट उद्योगांवर सक्तीची केली, कारण युद्धाची तयारी करायची तर कुठल्या कारखान्यात किती खर्च होतो ते सरकारला एका मापात हवं होतं. फ्रान्समध्ये पहिला राष्ट्रीय चार्ट जर्मन ताब्याच्या काळात, १९४२ चा. जर्मन गेले, चार्टची कल्पना राहिली. १९४७ मध्ये फ्रेंचांनी आपला नवा बनवला आणि आज तिकडच्या कॉमर्सच्या पोराला विचारा, सहाने सुरू होतो तो खर्च, साताने सुरू होतं ते उत्पन्न, ५१२ म्हणजे बँक. रशियात बँक म्हणजे ५१.

आणि सगळ्यात भारी उदाहरण आफ्रिकेतलं. सेनेगल, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून, काँगो असे १७ देश मिळून ‘ओहाडा’ नावाचा करार आहे, १९९३ चा. त्यांचा हिशेबाचा चार्ट एकच. सुधारित आवृत्ती २०१८ पासून लागू आहे. सतरा सार्वभौम देशांनी एक चार्ट मान्य केला, आणि आमच्या कंपनीत चाकण आणि चेन्नई यांचं ‘रिपेअर’ आणि ‘मेंटेनन्स’ यावर तीन महिने चाललं होतं.

मला यात राग कुणाचा येतो, सांगू? सल्लागारांचा. नावं घेत नाही, इथेही काही बसलेत, चहा पिऊन जा. ते वर्कशॉप घेतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात आणि मॅपिंगचा तक्ता भरायला कालच नोकरीला लागलेली पोरं बसवतात. ती पोरं हुशार असतात, पण ती खात्याचं नाव वाचतात, लेजर उघडत नाहीत. ‘दिवाली एक्स्पेन्सेस’ हे नाव वाचून त्यांनी ते ‘इतर खर्च’ला जोडून टाकलं असतं आणि बॅटरी कायमची इतर झाली असती. ‘इतर’ हे खातं जगातल्या सगळ्या चार्टमध्ये असतं, आणि नवीन चार्टमध्ये पहिल्या वर्षी सगळ्यात झपाट्याने तेच फुगतं. प्लान्टच्या पोराला कोड सापडला नाही की तो तिथे टाकतो. त्याचीही चूक नाही. त्याला संध्याकाळी सहाची बस पकडायची असते.

चिठ्ठी आली. हॉल साडेआठला भरतनाट्यमच्या क्लासला द्यायचाय. म्हणजे दहा मिनिटं. ठीक आहे, पायऱ्या. पाच नाही होणार.

पहिलं. खात्याने फक्त खर्च कशाचा एवढंच सांगायचं. कोणी केला, कुठे केला, कशासाठी केला, हे कॉस्ट सेंटर (खर्च करणारा विभाग), प्रॉफिट सेंटर (नफा मोजायचा विभाग), फंक्शनल एरिया (काम कोणतं), ट्रेडिंग पार्टनर (गटातली समोरची कंपनी) या फील्डनी, म्हणजे नोंदीतल्या रकान्यांनी, सांगायचं. खात्याच्या नावात गाव, डिपार्टमेंट, माणूस किंवा सण आला की ते खातं संशयित. आपल्या परिशिष्ट ३ ला नफा-तोटा खर्चाच्या स्वरूपाने हवा आणि मुख्यालयाला तो ‘उत्पादन, विक्री, प्रशासन’ असा कामाने हवा, हे भांडणही इथेच मिटतं. खातं स्वरूप सांगेल, फंक्शनल एरिया काम सांगेल. एकाच नोंदीतून दोन्ही पत्रकं निघतात.

दुसरं, आणि हा माझा लाडका मुद्दा आहे, तो घाईत सांगावा लागतोय. ‘आमच्या कायद्याला वेगळं लागतं’ असं कुठलाही देश म्हणाला की विचारा: कायद्याला आकडा लागतो का खात्याचा नंबर? सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं ताळेबंदात वेगळं दाखवावं लागतं. इथे लागतो आकडा. तो व्हेंडरच्या मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादाराच्या कायम माहितीत, खूण करून काढता येतो, त्यासाठी खर्चाची खाती दुप्पट करायची गरज नाही. सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामावरचा, खर्च तसाच. पण फ्रान्समध्ये तपासणीच्या वेळी करखात्याला सगळ्या नोंदींची फाइल द्यावी लागते, २०१४ पासून. त्यात खात्याच्या नंबरातले पहिले तीन आकडे राष्ट्रीय चार्टप्रमाणेच लागतात. तिथे नंबरच हवा. त्यासाठी सॅपमध्ये स्थानिक चार्टची सोय आहे: गटखात्याला त्या कंपनी कोडपुरतं, म्हणजे सॅपमधल्या त्या एका कंपनीपुरतं, पर्यायी खातं जोडायचं. मात्र लक्षात ठेवा, एका कंपनी कोडात एका गटखात्याला पर्यायी खातं एकच. एका गटखात्याचे दोन फ्रेंच तुकडे तिथे होत नाहीत. तुकडे हवे असतील तर गटाच्या चार्टमध्येच दोन खाती करावी लागतात. ‘आपण चार्ट निम्मा करू’ अशी घोषणा साहेब करतात, तेव्हा त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरं. दहा जुनी खाती एका नव्यात घालणं सोपं आहे, ते मशीन करतं. एका जुन्याची दोन नवी करायची तर प्रत्येक नोंद माणसाने वाचावी लागते. म्हणून जी खाती फुटणार आहेत ती जुन्या सिस्टिममध्येच आधीच्या वर्षी फोडा. गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टिम चालू व्हायच्या, आठवड्यात नाही. आणि तारीख! मुख्यालय म्हणेल १ जानेवारी. आपलं वर्ष मार्चला संपतं. म्हणजे नऊ महिने जुन्या चार्टमध्ये, तीन नव्यात, आणि वर मागच्या वर्षाचे तुलनेचे आकडे द्यायचे. भारतात नवा चार्ट चालू करायची तारीख १ एप्रिल मागा. ऐन डिसेंबरात मागून मिळत नाही, प्रोजेक्टचा आराखडा ठरतानाच भांडा.

चौथं, धावत. नवीन खातं उघडायचा अधिकार एकाच टेबलावर ठेवा आणि दोन ओळींची व्याख्या लिहिल्याशिवाय खातं उघडू नका: यात काय येतं, काय येत नाही. ‘काय येत नाही’ ही ओळ जास्त महत्त्वाची. ‘इतर’ला महिन्याची मर्यादा घाला, त्यावर गेलं की प्लान्टने खुलासा द्यायचा. जुनी खाती पुसायच्या भानगडीत पडू नका, नवी नोंद होणार नाही अशी ब्लॉक करा. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे आठ वर्षांची पुस्तकं सांभाळायची आहेत आणि सहा वर्षांनी आलेली नोटीस जुन्याच कोडवर असणार. तेव्हा जुन्या-नव्याचा मॅपिंग तक्ता सिस्टिममध्ये हवा, तारखेसह, मंजुरीसह. सल्लागाराच्या लॅपटॉपवर नको. तो लॅपटॉप प्रोजेक्ट संपला की परत जातो.

मृदंग आत आला वाटतं. एक-दोन प्रश्न घेता येतील. हां, मागे, चष्मेवाले, बोला.