९८ टक्के पाऊस आणि दिंद्रुडचं पोलीस ठाणं

नमस्कार मंडळी. दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर दिल्लीत हवामान खात्याची एक पत्रकार परिषद होते, आणि तिथून एक आकडा बाहेर पडतो, यंदा पाऊस सरासरीच्या किती टक्के पडेल त्याचा. ९६ टक्के, ९८ टक्के, १०२ टक्के, जो काय असेल तो. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर तोच, टीव्हीवर तोच, आणि मग एखादे मंत्री ट्विट करून टाकतात की बळीराजासाठी आनंदाची बातमी. आता यात मंत्र्यांचं कर्तृत्व काय ते मला कधी कळलं नाही, पण पाऊस चांगला असला की सरकारचा आणि वाईट असला की एल निनोचा (तिकडे प्रशांत महासागराचं पाणी तापतं तो प्रकार), हे आपल्याकडे ठरलेलंच आहे.

तर आज बोलायचंय ते या आकड्याबद्दल. हा आकडा कोण काढतं, कुणासाठी काढतं, आणि आपल्यापर्यंत येता येता त्याचं काय होतं.

पण त्याआधी तुम्हाला दिंद्रुडची गोष्ट सांगतो. बऱ्याच जणांनी ऐकली असेल, तरी सांगतो.

साल २०१७. बीड जिल्हा, माजलगाव तालुका. त्या वर्षीचा काळ आठवा जरा. आदल्या हंगामात तूर बक्कळ झाली म्हणून भाव पडलेले, खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या. १ जूनपासून शेतकऱ्यांचा संप, पुणतांब्यातून सुरू झालेला, रस्त्यावर दूध ओतलेलं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. २४ जूनला कर्जमाफीची घोषणा. आणि या सगळ्या गदारोळात हवामान खात्याचा अंदाज. एप्रिलमध्ये ९६ टक्के म्हणाले होते, ६ जूनला सुधारून ९८ केले. ९८ टक्के! म्हणजे चांगलंच की. जूनच्या सुरुवातीला पाऊस झालाही मराठवाड्यात, लोकांनी चाड्यावर मूठ धरली, सोयाबीनच्या तीस तीस किलोच्या बॅगा मातीत गेल्या, खत गेलं, कपाशी लावली. आणि मग पाऊस जो गेला तो गेलाच. जून संपत आला, जुलै लागला, आभाळ येतंय आणि जातंय, वारं सुटतंय, कोंब वर येऊन माना टाकतायत. दुबार पेरणी. हे दोन शब्द ज्याच्या घरात ऐकू आले त्याला मी काही समजावून सांगायला नको.

तर आनंदगाव नावाच्या गावातल्या शेतकऱ्यांनी काय केलं, ते गेले दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात आणि तक्रार दिली. कुणाविरुद्ध? हवामान खात्याविरुद्ध! पुणे आणि कुलाबा इथल्या वेधशाळांच्या संचालकांविरुद्ध. म्हणणं असं की यांनी बियाणं, खत आणि औषधाच्या कंपन्यांशी संगनमत करून पाऊस फुगवून सांगितला, त्यावर विसंबून आम्ही पेरणी केली, आमचं लाखोंचं नुकसान झालं, तेव्हा फसवणुकीचा गुन्हा नोंदवा.

मला हा प्रसंग भयंकर आवडतो. मी तिथे नव्हतो, पण डोळ्यासमोर आणून बघतो. ठाणे अंमलदार दुपारचे बसलेत, वर पंखा गरगरतोय, समोर चारदोन माणसं अर्ज घेऊन उभी. साहेबांना सवय कशाची, बांधावरून मारामारी, मोटारीची केबल चोरली, दारू पिऊन दंगा. आणि आता इथे आरोपी कोण तर वेधशाळा. आरोपीचा पत्ता काय लिहायचा, सिमला ऑफिस, शिवाजीनगर, पुणे! घटनास्थळाच्या रकान्यात काय लिहायचं, बंगालचा उपसागर? आणि गेलेला माल? पाऊस. वर्णन, ओला. पंचनाम्याला पंच कोण येणार, ते एक वेगळंच.

(पुणेकर नसणाऱ्यांसाठी सांगतो, पुण्यात सिमला ऑफिस खरंच आहे, बसचा स्टॉपसुद्धा आहे त्या नावाचा. हवामान खात्याची कचेरी इंग्रजांच्या काळी सिमल्याला होती, ती १९२८ साली पुण्यात आली, आणि नाव मात्र तेच चिकटून राहिलं. पुण्यात एकदा चिकटलेलं नाव निघत नाही, ते जाऊ दे.)

तर हसू येतं. तेव्हाही लोक हसले, सोशल मीडियावर शेतकऱ्यांची टिंगल झाली, की बघा, आता वेधशाळेला बेड्या घालणार. मला मात्र टिंगल करणाऱ्यांचा राग आला होता आणि अजून येतो. कारण त्या अर्जाकडे नीट बघा. त्यातला संगनमताचा भाग बाजूला ठेवा, त्याला पुरावा कुणी दिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. पण त्याच्याखाली जो प्रश्न आहे तो अगदी रास्त आहे. माणूस म्हणतोय, तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं, मी पैसे घातले, आता जबाबदार कोण? शेअर बाजारात एखाद्या कंपनीनं चुकीची माहिती दिली तर विचारायला सेबी आहे. शेतकऱ्यानं कुठे जायचं? त्याला जवळचं सरकार म्हणजे पोलीस ठाणं, तिथे तो गेला.

आणि आता या गोष्टीतली खरी गंमत. त्या वर्षी सप्टेंबर संपल्यावर हिशेब झाला, देशात पाऊस पडला ९५ टक्के. अंदाज होता ९८, आणि त्यात उणे-अधिक चार टक्के धरायचे असतात. म्हणजे अंदाज बरोबर! खात्याच्या वहीत ते साल पास. आणि आनंदगावच्या शेतात कोंब जळाले, तेही खरं. दोन्ही खरं. परत सांगतो, अंदाजही बरोबर आणि तक्रारही खरी. हे कसं काय?

हे असं, की तो ९८ टक्के आकडा आनंदगावचा नव्हताच मुळी. तो बीडचाही नव्हता, मराठवाड्याचाही नव्हता. तो सबंध देशाचा, जून ते सप्टेंबर चार महिन्यांचा, एकत्र. तेव्हा देशाची सरासरी धरत होते ८९ सेंटिमीटर, आता ८७ धरतात. त्यात चेरापुंजी आलं, जैसलमेर आलं, आपला कोकण आला आणि सगळं मिळून साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आपला बीडही आला. शाळेचा निकाल ९८ टक्के लागला म्हणून तुमचा बंड्या पास झाला असं होत नाही ना, तसंच. आणि जूनमध्ये धो धो पडून जुलैत गायब झाला तरी सरासरी भरून निघते. सरासरीचं भागतं, सोयाबीनचं भागत नाही.

म्हणून लक्षात ठेवा, देशाचा आकडा तुमच्या शेताचा आकडा नाही. देशाचा आकडा तुमच्या शेताचा आकडा नाही.

मग हा आकडा काढतात कुणासाठी? तर पहिल्यापासून तो राज्यकर्त्यांसाठीच आहे. १८७७ च्या सुमाराचा मोठा दुष्काळ झाला, इंग्रज सरकारला सारा आणि धान्य याची काळजी पडली, तेव्हा हेन्री ब्लॅनफर्ड नावाच्या साहेबाला सांगितलं की पाऊस आधी कळेल का बघा. तो हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधायला लागला, १८८६ पासून रीतसर. मग गिल्बर्ट वॉकर आला, केंब्रिजचा गणिती, त्यानं जगभरच्या हवामानाचे आकडे जुळवून पाहिले. आणि मग आपले वसंत गोवारीकर. ते दिल्लीत विज्ञान खात्याचे सचिव होते, १९८७ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, आणि त्यांच्या पुढाकारानं १९८८ मध्ये हवामानातल्या १६ घटकांवरून पावसाचा अंदाज काढणारं मॉडेल आलं. त्या वर्षी पाऊस झकास झाला, मॉडेलचं नाव झालं, पुढे दहा-बारा वर्षं चाललं. २००२ मध्ये मात्र नॉर्मल सांगितलेला पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला, जुलैत तर निम्म्याच्या आसपासच. मग दुसऱ्या वर्षी नवीन मॉडेल आणलं. गोवारीकर नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते, ते विषयाला सोडून आहे, पण कुलगुरू असा हाताने काम केलेला शास्त्रज्ञ असावा असं माझं मत आहे. आता कुलगुरू निवडताना काय काय बघतात ते तुम्हीही पेपरात वाचता, मी कशाला बोलू.

तर आकडा कोण ऐकतं त्याचं एक उदाहरण. २ जून २०१५. खात्यानं अंदाज ९३ वरून ८८ टक्क्यांवर आणला. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण होतं, आणि त्या दिवशी सेन्सेक्स साडेसहाशे अंकांनी आपटला. पाऊस अजून केरळातसुद्धा पोचला नव्हता मंडळी! मुंबईत मात्र शेअर विकून मोकळे. त्या वर्षी एक खासगी कंपनी १०२ टक्के म्हणत होती, खातं ८८ म्हणालं आणि पडला ८६. म्हणजे सरकारी खात्यानं सरकारला नको असलेली बातमी दिली आणि ती बरोबर निघाली, हे श्रेय द्यायला पाहिजे. पुढच्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे न्यावी लागली, ते तर तुम्ही विसरला नसाल.

आता मीडिया. म्हणजे आम्हीच की. उणे-अधिक चार टक्के हे शब्द बातमीतून सगळ्यात आधी उडतात, कारण मथळ्यात मावत नाहीत. मग राहतं काय, 'यंदा धो धो'. वर मॉन्सून केरळात आला, आता गोव्यात, आता मुंबईच्या वेशीवर, असं कुणीतरी पाहुणा एसटीनं येतोय तशी कॉमेंट्री. आणि त्याच पानावर भेंडवळची घटमांडणी. बुलढाणा जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, घागर ठेवतात, चार ढेकळं ठेवतात, पापड, कुरडई, विड्याचं पान, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बघून भाकीत सांगतात. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, आणि पान-सुपारी म्हणजे राजा, राजा गादीवर राहणार की नाही तेही त्यात. माझा त्यावर विश्वास नाही, ढेकूळ भिजलं म्हणून ढग येत नाहीत. पण एक बघा, भेंडवळवाले निदान महिन्या-महिन्याचं सांगतात. शेतकऱ्याला पाहिजे ते तेच, जुलैत खंड पडेल का, पेरू का थांबू. प्रश्न त्यांना बरोबर कळलाय, उत्तर चुकीच्या ठिकाणी शोधतात. आणि शास्त्रज्ञांकडे रीत बरोबर आहे पण एप्रिलमध्ये ते उत्तर देतात दिल्लीच्या प्रश्नाला. या फटीत आता यूट्यूबवाले शिरलेत, तारीखवार पाऊस सांगणारे, महिना महिना आधी. इतक्या आधी तारीखवार पाऊस सांगायचं शास्त्र जगात कुणाकडे नाही, पण ते आपल्या भाषेत, आपल्या तालुक्याचं नाव घेऊन बोलतात, म्हणून लोक ऐकतात.

मग शेतकऱ्याच्या प्रश्नाला कुणीच उत्तर देत नाही का? देतं. परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर. जमिनीत तेवढी ओल असली की मध्ये खंड पडला तरी कोंब तग धरतो, नुसत्या वरच्या ओलीवर पेरलं की गेलं. इतकं साधं आहे. ही बातमी येते कुठे, तर आतल्या पानावर, खाली, जाहिरातीच्या शेजारी. कारण यात ना मंत्री आहे, ना आकडा मोठा, ना सेन्सेक्स पडतो.

आणि एक गोष्ट चांगली सुरू झाली होती. २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं काढली, देशात १९९. तिथला माणूस खात्याचा पाच दिवसांचा अंदाज घ्यायचा आणि तुमच्या तालुक्याला, तुमच्या पिकाला लावून सांगायचा, की बाबा गुरुवारी पाऊस आहे, फवारणी बुधवारी उरकू नका, वाहून जाईल. व्हॉट्सॲपवर यायचं ते. दिंद्रुडच्या अर्जाला मला विचाराल तर हेच खरं उत्तर होतं. तर २०२४ च्या सुरुवातीला ही केंद्रं बंद करायचा आदेश निघाला. माहिती आता मशीनवर आपोआप गोळा होते, माणसं कशाला, असा युक्तिवाद झाला. अहो, गोळा करायला नको असतील, सांगायला नकोत का? आणि या बातमीवर किती चॅनलनी चर्चा ठेवली? मी तरी कुठे पाहिली नाही, त्या आठवड्यात सगळे कोण कुणाच्या गटात गेलं ते मोजत होते.

असो, वेळ संपत आली. विद्यापीठांचा कृषी हवामान सल्ला अजून चालू आहे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मराठीत असतो, फुकट असतो. मराठवाड्यासाठी परभणी, विदर्भासाठी अकोला, कोकणासाठी दापोली, आणि नगर-नाशिक पट्ट्यासाठी राहुरी. जूनमध्ये दुकानदार बॅग पुढे करायला लागला की आधी तो सल्ला वाचा, आणि गावात पर्जन्यमापक कुणाकडे आहे, किती मिलिमीटर झाला, ते विचारून या. नमस्कार.