अंड्याने पित्त उठतं, मग लस चालेल का?

नमस्कार श्रोतेहो. उद्या 28 सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन. लुई पाश्चर यांचा हा स्मृतिदिन. आज मला बोलायचंय ते ज्यांना कशाची तरी ॲलर्जी आहे, किंवा ज्यांच्या उशाशी रोजच्या गोळ्यांचा डबा असतो, अशा माणसांशी. लस म्हटलं की ही माणसं मागे सरतात. "आम्हाला नको बाई, आम्हाला चालायची नाही." 34 वर्षं परिचारिका होते मी, आणि हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा गेला नसेल.

2012 चा पावसाळा. कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शनच्या खोलीत माझी ड्यूटी. दुपारी एक आजी आल्या, सोबत नववीतला नातू. आजींच्या पोटरीला कुत्रं चावलेलं, जखमेवर हळद आणि चुना थापलेला. कधी चावलं? तर चार दिवस झाले. म्हटलं, "आजी, चार दिवस काय केलंत?"

आजी म्हणाल्या, "काळजाची झडप बदललीय माझी. रक्त पातळ करायची गोळी असते रोज. सुई टोचली तर रक्त थांबायचं नाही, असं शेजारीण म्हणाली. म्हणून आधी गोळी बंद केली, मग आले."

आमच्या डॉक्टरांचा चेहराच उतरला. कुत्र्यापेक्षा त्यांना त्या बंद केलेल्या गोळीची धास्ती. झडप धातूची. गोळी थांबली की तिच्यावर गुठळी धरते, ती मेंदूत गेली तर माणूस लुळा पडतो. आणि सुईचं म्हणाल, तर बारीक सुई घ्यायची, टोचल्यावर दोन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही. बस. एवढ्यासाठी आजींनी चार दिवस जीव टांगणीला लावला होता. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी सुरू करायला लावली, रक्ताची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची, लिहून दिली. म्हणून सांगते, लसीसाठी आपल्या मनाने गोळी बंद करू नका. पुन्हा सांगते, आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

जखम साबणाने, नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं धुतली. हे चावल्याबरोबर घरीच करायचं असतं, हळद-चुना नाही. मग दोन्ही दंडांवर कातडीत लसीचा थेंब थेंब, आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं. टोचण्याआधी मी विचारलं होतं, "आजी, कशाची ॲलर्जी?" म्हणाल्या, "छे, असलं काही नाही आपल्याला." त्यांना बाकावर अर्धा तास बसवलं.

वीसेक मिनिटं झाली असतील. मी पाणी द्यायला गेले, तर नातू आजीच्या मागे लागलेला, "आजी, सुटलो की समोर ऑम्लेट-पाव खाऊ." आजी म्हणाल्या, "तू खा बाबा. मला अंड्याने पित्त उठतं. ओठ सुजतात."

माझ्या पोटात धस्स झालं. रेबीजच्या काही लसी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात. धावत जाऊन खोका काढला, वाचला. ही व्हेरो पेशींवरची, म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशींवरची होती, कोंबडीशी संबंध नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, कोंबडीची असती तरी दिली असती. ॲड्रेनलिन हाताशी ठेवलं असतं आणि दिली असती. रेबीज झाला तर पुढे औषध नाही." ॲड्रेनलिन म्हणजे तीव्र ॲलर्जी आवरणारं इंजेक्शन. श्रोतेहो, कुत्रं चावल्यावर घ्यायची रेबीजची लस कोणत्याही ॲलर्जीसाठी, कोणत्याही गोळीसाठी टाळायची नसते. फक्त सगळं सांगायचं असतं.

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या घरात ॲलर्जी हा शब्दच नव्हता, पित्त होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारू लागले, अंगावर पित्त उठतं का? गांधी उठतात का? ओठ सुजतात, दम लागतो? आंबट ढेकरांचं पित्त वेगळं. आणि धूळ, शेंगदाणे किंवा कोळंबीने गांधी उठतात, म्हणून लस नाकारायचं कारण नाही. बाकीच्या लसींचं अडतं कुठे, तर त्याच लसीच्या आधीच्या डोसाने किंवा तिच्यातल्या एखाद्या घटकाने जीव घाबरा झाला असेल तर. अशी तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्याला येते, आणि बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच. म्हणून अर्धा तास बसा. एसटी चुकली तरी बसा. मांडीत ॲड्रेनलिन टोचणारं माणूस तिथे असतं, एसटीत नसतं.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दम्याचा पंप, यांतलं काहीही लसीसाठी थांबवायचं नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मात्र आवर्जून सांगा. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी रोज 20 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, दोन आठवड्यांहून अधिक चालू असेल, तर गोवर, कांजिण्या, पीतज्वर अशा जिवंत विषाणूंच्या लसी पुढे ढकलतात. रेबीजची थांबवत नाहीत, ती स्नायूत, पूर्ण पाच डोस देतात.

आणि हो, औषधांच्या दुकानांत पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवतात, त्याचा मला फार राग येतो. नाव कापलं गेलं की, "ती गुलाबी गोळी" एवढंच उरतं. गुलाबी गोळीवरून कोणता डॉक्टर काय ओळखणार? नावाचा तुकडा मागून घ्या, भांडून घ्या. तसंच मटणाच्या दुकानाबाहेर टाकलेली आतडी उचलली, तर कुत्र्यांचे कळप निम्मे होतील असं माझं ठाम मत आहे, पण तो आजचा विषय नाही.

पोटात चौदा इंजेक्शनं, ही भीतीही आता सोडा. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात 2004 नंतर बनत नाही.

आजी चारही डोसांना आल्या. अठ्ठाविसाव्या दिवशी नातवाने वहीचं पान फाडून आणलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'अंडं, पित्त उठतं, ओठ सुजतात. रक्त पातळ करायची गोळी, रोज रात्री. झडप बदलली आहे.' आजींनी ते घडी करून गोळ्यांच्या डब्यात, झाकणाच्या आत ठेवलं. तुमच्या डब्यात असं पान आज रात्रीच ठेवा. नमस्कार.