निमंत्रण कोणाला, इनाम कोणाला

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण, थोडं संपादन करून.)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी ओळख करून देताना "या कॉम्प्युटरवर गेम खेळतात" असं सांगितलं. माझ्या सासूबाईसुद्धा पाहुण्यांना हेच सांगतात, फक्त त्यांचा सूर जरा पडलेला असतो. (हशा) खरं तर मी आता खेळत नाही. स्पर्धांमध्ये अ‍ॅडमिनचं काम करते, म्हणजे पंचाचं आणि रात्री दोन वाजता शिव्या खाण्याचं.

डोटा म्हणजे काय हे सांगत बसत नाही. पत्रिकेवरचा विषय वाचून आलात म्हणजे माहीत असणारच. चुकून आला असाल तर एवढं पुरे, की पाचजण विरुद्ध पाचजण, समोरच्याचा बालेकिल्ला पाडायचा, आणि ते करताना आपल्याच माणसाशी भांडायचं. माझं आजचं म्हणणं छोटं आहे. स्पर्धा किती मोठी हे बक्षिसाच्या आकड्यावरून ठरवू नका. कोणाला बोलावलं आणि कोणाला लढून आत यावं लागलं, ते आधी बघा. तीन कलमी योजनाही आणली आहे, ती शेवटी मांडते.

आधी आकडे, कारण आकड्यांशिवाय आपल्याकडे कोणी ऐकत नाही. डोटा बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०११ मध्ये जर्मनीत कोलोनला गेम्सकॉमच्या मेळाव्यात पहिली 'द इंटरनॅशनल' घेतली, म्हणजे डोटाची सगळ्यात मोठी स्पर्धा. गेम अजून नीट बाजारातही नव्हता. सोळा संघ, सोळाच्या सोळा निमंत्रित. बक्षीस एकूण १६ लाख डॉलर, त्यातले १० लाख एकट्या विजेत्याला. ते नेले युक्रेनच्या नावीने. त्या काळी या धंद्यात इतके पैसे कोणी पाहिले नव्हते, त्यामुळे आकडा जाहीर झाल्यावर अनेकांना ही चेष्टा वाटली होती.

मग २०१३ ला कंपनीने युक्ती काढली. दहा डॉलरचं कंपेंडियम, म्हणजे स्पर्धेची डिजिटल पुस्तिका, विकत घ्या, त्यातला पाव हिस्सा बक्षिसात. पुढे त्याचा बॅटल पास झाला. लोकांनी असं घेतलं म्हणता! २०१४ ला रक्कम १ कोटी ९ लाख डॉलर. २०१९ ला शांघायमध्ये ३ कोटी ४३ लाख. कोविडमुळे पुढे ढकललेली दहावी स्पर्धा २०२१ च्या ऑक्टोबरात बुखारेस्टला झाली, तेव्हा ४ कोटींच्या वर. आपल्या रुपयांत तेव्हाचे तीनशे कोटी. स्टेडियममध्ये एकही प्रेक्षक नाही आणि बक्षीस तीनशे कोटी.

आता उलटा हिशेब करा. त्या ४ कोटींतले कंपनीच्या खिशातले १६ लाख. उरलेले ३ कोटी ८४ लाख हा विक्रीचा पाव हिस्सा. म्हणजे लोकांनी खरेदी केली साधारण १५ कोटी ३६ लाखांची, आणि कंपनीकडे राहिले साडेअकरा कोटी डॉलर. गेममधल्या टोप्या, पंख आणि कोंबड्यांच्या रंगीत पोशाखांवर! (हशा) हसू नका, दोन पास माझ्याकडेही आहेत.

पैसे वाटले कसे ते बघा. एकूण रकमेच्या साडेपंचेचाळीस टक्के पहिल्या संघाला. टीम स्पिरिटचे पाच पोरगे १ कोटी ८२ लाख डॉलर घेऊन गेले. अठरा संघांतल्या शेवटच्या दोघांना पाव पाव टक्का, म्हणजे सुमारे एक लाख डॉलर प्रत्येकी. तुम्ही म्हणाल, शेवटच्यालाही पाऊण कोटी रुपये, मग तक्रार काय? तक्रार अशी की जो संघ क्वालिफायरचा, म्हणजे पात्रता फेरीचा, अंतिम सामना हरला, त्याला शून्य. अर्धा टक्का नाही, प्रवासखर्च नाही, टी-शर्ट नाही. तेच पोरगे, तेवढाच सराव, एका डावाचा फरक. एकीकडे लाख डॉलर, दुसरीकडे घरी आईचा प्रश्न, "झालं का तुझं?"

कोल्हापुरात उभी आहे तर कुस्तीशिवाय कशी उतरेन? जत्रेच्या मैदानाचं पोस्टर आठवा. वर एक नंबरच्या कुस्तीचे दोन मल्ल, फेटे बांधलेले, खाली इनामाचा आकडा ठळक. ती जोड कमिटीने आधीच ठरवलेली असते, दोघांशी बोलून, मानधन ठरवून. ते निमंत्रण. पण दुपारपासून हलगी चालू असते आणि लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर लागतात. कोणाचंही पोरगं लंगोट लावून येतं, पंच दोघांची उंची बघतो, हाताला हात लावून देतो, झाली जोड. ते ओपन क्वालिफायर. कमिटीचं चुकतं कुठं? दोन्ही हवंच. मोठ्या जोडीशिवाय गर्दी येत नाही, आणि रेवड्यांच्या कुस्त्या बंद झाल्या तर दहा वर्षांनी पोस्टरवर छापायला फोटो मिळत नाही. माझं भांडण आहे ते दुपारच्या कुस्त्या बंद करून संध्याकाळचं इनाम दुप्पट करणाऱ्यांशी.

असे लोक मी जवळून पाहिलेत. आपल्याच राज्यात एक स्पर्धा झाली, नाव 'राष्ट्रीय', आयोजकाचं नाव मी घेणार नाही. शेकडो संघ ओपन क्वालिफायरला. बेस्ट ऑफ वन, हरलात की घरी. मी अ‍ॅडमिन. रात्री उशिरा सांगलीकडच्या एका संघाची लाईट गेली. पॉज लावला, पोरगं फोनवर रडकुंडीला, "ताई, इन्व्हर्टर आहे पण राऊटर त्याच्यावर नाही." समोरच्या संघाने पॉज सोडायला नकार दिला, थांबले. हे कौतुकाने सांगते, कारण नियमाने ते डाव मागू शकत होते. मग पोराच्या वडिलांनी राऊटर काढून देवघरातल्या प्लगला लावला आणि खेळ सुरू झाला. तो संघ रात्रभर खेळून जिंकत जिंकत शेवटच्या आठात आला. तिथे कळलं की चार निमंत्रित संघ थेट उपांत्य फेरीत बसवलेत. म्हणजे उरलेल्या सगळ्यांनी मिळून खेळायचं कशासाठी, तर कोणासाठीच नाही! ब्रॅकेट, म्हणजे सामन्यांचा तक्ता, छापून झालं होतं म्हणे. एक निमंत्रित संघ तर चारच खेळाडू घेऊन आला, पाचवा प्रेक्षकांतून उचलला. आणि बक्षीस? पुढची दिवाळी आली तरी नाही. आलं तेव्हा निम्मं रोख आणि निम्मं माउसपॅडच्या रूपात. कोणाला माउसपॅड हवा असेल तर कार्यक्रमानंतर भेटा. (हशा)

असो. हे मनात फार दिवस होतं.

आता माझी लाडकी गोष्ट. ज्यांनी ऐकली आहे त्यांनीही बसावं. २०१८. त्याआधीच्या वर्षी व्हॉल्व्हने प्रो सर्किट सुरू केलं होतं. वर्षभराच्या मेजर-मायनर स्पर्धांतले गुण मोजायचे, वरच्या आठ संघांना थेट निमंत्रण. त्याआधी निमंत्रण कशावर मिळतं हे कंपनी सांगत नसे, यादी लागायची आणि लोक नंतर कारणं शोधायचे. तर हे सुधारलेलं वर्ष. युरोपातला ओजी हा संघ, कर्णधार फ्लाय आणि त्याचा वर्षानुवर्षांचा मित्र नोटेल. मे महिन्याच्या अखेरीस फ्लाय आणि एसफोर हे दोघे ओजी सोडून अमेरिकेच्या ईजीमध्ये गेले. स्पर्धा ऑगस्टमध्ये. रोस्टर, म्हणजे संघातले खेळाडू, बदललं की नियमाने थेट निमंत्रणाचा हक्क जातो आणि ओपन क्वालिफायरपासून सुरुवात. गंमत म्हणजे ज्यांनी खेळाडू नेले त्या ईजीलाही तोच नियम.

ओजीकडे उरले नोटेल आणि जेरॅक्स. प्रशिक्षक सेब, तो स्वतःच खुर्चीत बसला. आना नावाचा ऑस्ट्रेलियन पोरगा विश्रांती घेऊन घरी होता, त्याला बोलावलं. मिडला, म्हणजे नकाशाच्या मधल्या वाटेवर, फिनलंडचा टॉपसन, ज्याने अशा मोठ्या रंगमंचावर कधी पाय ठेवला नव्हता. हे पाचजण कोणाबरोबर खेळले? गल्लीतल्या संघांबरोबर. ओपन क्वालिफायरमध्ये समोर कोणीही असतं. ऑफिस सुटल्यावर जमलेले मित्र, शाळेची पोरं, नावात शिवी घालून येणारे. मेजर जिंकलेले खेळाडू आणि ते, एकाच ब्रॅकेटमध्ये. तिथून युरोपच्या विभागीय क्वालिफायरमध्ये, तिथून व्हँकुव्हर.

आणि व्हँकुव्हरला ब्रॅकेटने काय करावं? ओजीसमोर ईजी! फ्लाय एका बाजूला, नोटेल दुसऱ्या. ओजी जिंकले. नंतरचं ते हस्तांदोलन बघा, व्हिडिओ सहज सापडतो. नोटेल हात पुढे करतो खरा, पण त्याचा चेहरा... लग्नात भावकी भेटते ना, तसला. अंतिम सामना चीनच्या पीएसजी एलजीडीशी. पहिला डाव ओजीचा, पुढचे दोन चिन्यांचे. चौथ्यात सेबचा अ‍ॅक्स, हे गेममधलं एक पात्र. मी तो डाव इतक्यांदा पाहिला आहे की घरी आवाज बंद करून बघण्याच्या अटीवर परवानगी आहे. चौथा घेतला, पाचवा घेतला, १ कोटी १२ लाख डॉलर. पुढच्या वर्षी शांघायला तेच पाच पुन्हा जिंकले. तोवर लागोपाठ दोनदा कोणीच जिंकलं नव्हतं.

हा अपवाद नाही, म्हणून सांगते. २०१६ चे विजेते चीनचे विंग्ज क्वालिफायरमधून आले होते. २०२१ चे स्पिरिटही. २०१५ ला चीनचाच सीडीईसी वाइल्डकार्डमधून येऊन अंतिम फेरीत गेला, २०२२ ला सिंगापुरात टीम सिक्रेट शेवटच्या संधीच्या क्वालिफायरमधून. निमंत्रितच स्पर्धा घेतली असती तर यातलं काही घडलं नसतं, आणि यादीतले संघ आपण सर्वोत्तम आहोत असंच समजत राहिले असते. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचंच बघा. २०२५ ला बातुमीचा बुद्धिबळाचा महिला विश्वचषक हा मुळात कँडिडेट्सला जायचा रस्ता. तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. आली, टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवलं, आणि जाताना ग्रँडमास्टर होऊन गेली.

(अध्यक्ष चिठ्ठी देतात.) पाच मिनिटं? बरं. म्हणजे योजना धावत सांगावी लागणार.

आधी सध्याची परिस्थिती. बॅटल पास २०२३ ला बंद झाला. कंपनी म्हणाली, बहुतेक खेळाडू तो घेतच नाहीत, आम्ही गेमकडे लक्ष देतो. त्या वर्षी सिएटलला बक्षीस ३२ लाखांच्या आत आलं. विजेते पुन्हा स्पिरिट, पाचातले चारजण तेच, ढाल तीच, पैसे मात्र १४ लाख. त्याच उन्हाळ्यात रियाधमध्ये त्यांना एका स्पर्धेचे ५० लाख मिळाले होते. सप्टेंबरात प्रो सर्किटही गुंडाळलं. गुण गेले, विभागीय लीग गेल्या, आणि निमंत्रणं पुन्हा आयोजकाच्या मर्जीवर आली. बक्षीस कमी झालं याचं मला दुःख नाही. लीगचा खालचा विभाग गेला, जिथे नवा संघ वर्षभर चार पैसे कमावत शिकायचा, त्याचं आहे.

तर कलम पहिलं. जागांपैकी निम्म्याहून जास्त क्वालिफायरमधून भरा, आणि निमंत्रणाचे निकष हंगाम सुरू व्हायच्या आधी छापा. नंतर छापलेला निकष हा निकष नसतो, ती सारवासारव असते.

कलम दुसरं, दक्षिण आशियाला वेगळी जागा. आपले संघ आग्नेय आशियात मोजले जातात. मनिला आणि क्वालालंपूरच्या संघांशी सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायचं, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, आपल्याला जास्त. २०१९ ला ईएसएल वन मुंबईत आली, एनएससीआय डोममध्ये, तीन लाख डॉलरची. लोक नावी-नावी ओरडत होते. पुढे २०२२ ला एन्टिटी ही भारतीय संस्था इंटरनॅशनलला पोचली, आपण पेढे वाटले. खेळाडूंत भारतीय एकही नव्हता, संघ युरोपातून आला होता. त्याच वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्समध्ये आपल्या पोरांनी डोटात कांस्य आणलं, ते किती जणांना माहीत आहे? हात वर करा. तीन. त्यातला एक माझा मुलगा. (हशा)

कलम तिसरं, पैसे. पहिल्याला पंचेचाळीस टक्के कशाला? तीस द्या. सुटलेले पंधरा टक्के विभागीय क्वालिफायरच्या शेवटच्या चारांत हरलेल्यांना वाटा. ४ कोटींच्या वर्षी ते ६० लाख डॉलर झाले असते. सहा विभाग धरले तर विभागाला १० लाख, त्यात कितीतरी संघ वर्षभर जगले असते. आणि बक्षिसाची सगळी रक्कम पहिल्या सामन्याआधी त्रयस्थाच्या खात्यात जमा हवी. पावती ब्रॅकेटशेजारी लावा. पावती नसेल तर संघांनी बॅगेतून माउस काढू नये, आणि मीही त्या स्पर्धेत अ‍ॅडमिन म्हणून बसणार नाही. अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न बाहेर चहाला घेते, फक्त "यातून नोकरी लागते का" हा सोडून.