कुठे तरी पाणी मुरतंय

श्रोतेहो, नमस्कार. आज पिरेनीज पर्वत. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधली डोंगररांग, तिच्या कुशीत अँडोरा हा चिमुकला देश. एका टोकाला अटलांटिक, दुसऱ्या टोकाला भूमध्य समुद्र, मध्ये ४०० किलोमीटरहून जास्त डोंगर. सर्वोच्च शिखर अनेतो, ३४०४ मीटर, पूर्णपणे स्पेनमध्ये. इतकं पुरे, कारण मला गोष्ट सांगायची आहे.

अनेतोच्या हिमनदीचं पाणी खळाळत उतरतं आणि २००० मीटर उंचीच्या आसपास एका मोठ्या खड्ड्यात गडप होतं. जमीन चुनखडीची, आतून पोखरलेली. खड्ड्याचं नाव त्रू द्यु तोरो. आता हे पाणी जातं कुठे? शेजारीच एसेरा नदीचं खोरं. काही जाणकार म्हणत, तिलाच मिळत असणार, म्हणजे पुढे एब्रो नदीतून भूमध्य समुद्रात. पण डोंगराच्या पलीकडे, आरानच्या खोऱ्यात, खडकातून एक दांडगा झरा फुटतो आणि गारोन नदीला मिळतो. गारोन जाते फ्रान्समधून थेट अटलांटिकला. एक समुद्र पूर्वेला, एक पश्चिमेला!

आपल्याकडे म्हणतात, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. नोर्बेर कास्तेरे नावाच्या फ्रेंच गुहासंशोधकाला ही म्हण कुणी सांगितली नव्हती. त्यातच स्पेनच्या बाजूला हे पाणी वळवून वीज करायच्या हालचाली सुरू झाल्या. मग १९३१ च्या जुलैत या गड्यानं पिंपं वाहून नेली आणि खड्ड्यात ६० किलो फ्लुओरेसिन ओतलं. दिसायला तांबूस पूड, पाण्यात पडली की चकाकता हिरवा रंग. ६० किलो, बरं का! चिमूटभरानं हंडा रंगतो.

आणि दुसऱ्या दिवशी आरानमधला झरा हिरवागार! त्याच्यामागून गारोनही हिरवी. पाणी अख्ख्या डोंगराच्या पोटातून पलीकडे निघालं होतं. लक्षात घ्या, हिमनदी एका उतारावर आणि तिचं पाणी दुसऱ्या उतारावर. डोंगरमाथा हाच जलविभाजक, असं जे आपण शाळेत घोकलं, ते इथे खोटं ठरलं. (शाळेच्या नकाशातल्या त्या जाड तपकिरी पट्ट्यांवर माझा जुना राग आहे. पर्वत म्हणजे भिंत, असं पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं.)

गंमत म्हणजे आरानचं खोरं उत्तर उतारावर असूनही स्पेनचंच आहे. सरहद्दसुद्धा माथा धरून चालत नाही. ती ठरली १६५९ च्या तहात. सरहद्दीलगतची स्पेनची काही गावं फ्रान्सला द्यायची, असं पुढे ठरलं. तेव्हा स्पेननं म्हटलं, तिथलं यीविया हे गाव नव्हे, नगर आहे. तेवढ्यावर ते स्पेनकडे राहिलं. आजही चहूबाजूंनी फ्रान्स, मध्ये यीविया. घड्याळ खुणावतंय, त्यामुळे अँडोराबद्दल पुढच्या वेळी. नमस्कार.